बाराव्या दिवशी मी कान टोचत नाही

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या वाचकपत्रांत मागे लहान लेकरांचे कान टोचण्यावरून दोन पत्रं आली. एका ताईंनी लिहिलं, बारशाला सोनार बोलावून तान्ह्या बाळाचे कान टोचणं बंदच झालं पाहिजे. त्यावर एका गृहस्थांचं उत्तर आलं की हा सोळा संस्कारांतला संस्कार आहे, त्यात डॉक्टरांनी लक्ष घालू नये. दोघांनीही सोनाराबद्दल लिहिलं, पण सोनाराला कुणी विचारलं नाही. म्हणून हे पत्र. थोडं लांबलंय, जमेल तेवढं छापावं.

मी अंबाजोगाईत सोनारकाम करतो. योगेश्वरीच्या देवळाकडे जाणाऱ्या रस्त्याला आमचं छोटं दुकान आहे. आजोबांनी ते मांडलं तेव्हा इथं निजामाचं राज्य होतं आणि सरकारी कागदावर गावाचं नाव मोमिनाबाद होतं. मी १९७८ साली, सोळाव्या वर्षी बागेसरीसमोर, म्हणजे सोनाराच्या शेगडीसमोर बसलो. किती कान टोचले याची वही ठेवली नाही. ज्यांचे टोचले ती माणसं आज नातवंडं घेऊन येतात, यावरून अंदाज यावा.

मागच्या गुरुवारी धारूरकडून एक कुटुंब आलं. बाळंतीण, तिची सासू, नवरा आणि टोपड्यात गुंडाळलेलं अकरा दिवसांचं लेकरू. दुसऱ्या दिवशी बारसं. त्यांच्या गावचा सोनार वारला, त्याची पोरं पुण्याला कंपनीत गेली, म्हणून हे माझ्याकडे आले. सासूबाई म्हणाल्या, "काका, एवढे टोचून द्या. उद्या सगळे पाव्हणे यायलेत. बाराव्याला नाही टोचले तर कान निबर होतेत."

मी विचारलं, "लसीचं कार्ड आणलंय का?"

"कान टोचायला कार्ड कशाला लागतंय?"

नवरा म्हणाला, "जन्मल्यावर दिल्यात की लशी, दवाखान्यातच." ते खरं होतं. जन्मल्यावर बीसीजी, पोलिओचे थेंब आणि काविळीची लस देतात. धनुर्वाताची लस त्यांत नसते. ती बाळाला पहिल्यांदा मिळते दीड महिन्याला, पेंटाच्या, म्हणजे पाच रोगांवरच्या एकत्र लसीच्या सुईतून. मग अडीच महिन्याला आणि मग साडेतीन महिन्याला. मी त्यांना म्हणालो, साडेतीन महिन्याची सुई झाली की पंधरा दिवसांनी या, मजुरी घेणार नाही. सून इतका वेळ मान खाली घालून बसली होती, तिने पहिल्यांदा वर बघितलं. सासूबाई मात्र उठल्या. पायरी उतरताना म्हणाल्या, "सोनारानंच नाही म्हटल्यावर माणसानं जावं कुणाकडं?"

त्यांचा राग मला समजतो. कान सोनारानेच टोचावेत ही म्हण साऱ्या महाराष्ट्राच्या तोंडी आहे. एखाद्याला चार शब्द सुनवायचे तर ते अधिकाराच्या माणसाने सुनवावेत, असा तिचा अर्थ. पण तो अधिकार सोनाराला कशामुळे मिळाला होता आणि आज तो त्याच्याकडे कितपत उरलाय, हे सोनारानेच सांगितलं पाहिजे.

वडील कान टोचायला जायचे ते मी लहानपणी बघितलंय. बारशाच्या सकाळी निरोप यायचा. वडील आंघोळ करून, धुतलेलं धोतर नेसून, तारेची पुडी बंडीच्या खिशात घालून निघायचे. लेकराला घरातल्या थोर माणसाच्या मांडीवर द्यायचे, उंबऱ्याजवळ, उगवतीकडे. कोवळं ऊन मागून आलं की कानाची पाळी जास्वंदीच्या पाकळीसारखी दिसते, आतल्या बारीक शिरा मोजता येतात. दोन शिरांमधली मोकळी जागा हेरायची आणि तिथंच तार घालायची. मुलगा असला तर आधी उजवा कान, मुलगी असली तर डावा. तारेचं एक टोक कानशीने सुईसारखं केलेलं असायचं. तीच सुई आणि तीच बाळी. टोक आरपार गेलं की चिमट्याने गोल करून आत दुमडायचं, वर हळद आणि खोबरेल लावायचं, लेकरू आईच्या छातीशी द्यायचं. वडील म्हणायचे, पहिला कान लेकरू आपण होऊन देतं, दुसरा त्याच्याकडून घ्यावा लागतो. म्हणून दुसऱ्या कानाला ते कधी घाई करत नसत. लेकरू दूध पिऊन शांत होईस्तोवर अर्धा तास ओसरीवर बसून राहायचे.

बिदागी म्हणजे सुपात जोंधळे, गुळाचा खडा, नारळ, कुणाकडे खण. १९७२ च्या दुष्काळात मी दहा वर्षांचा होतो. त्या साली सूप रिकामं असायचं आणि घरचे लोक मान खाली घालायचे. वडील तरी जात. त्या साली बऱ्याच जणांनी दोन महिन्यांनी तार आणून मोडली आणि लेकराच्या कानात कडुनिंबाची काडी घातली. आमच्याकडे मुसलमान घरांतूनही बोलावणं यायचं. तिथल्या पोरींच्या कानाला एकावर एक चार-पाच छेद असत. सोनाराच्या बोटावर सगळ्यांचा सारखाच विश्वास होता.

वडिलांनी सुश्रुतसंहिता वाचली नव्हती. फार वर्षांनी इथल्या एका वैद्यांनी मला त्यातला कान टोचण्याचा अध्याय समजावून सांगितला, तेव्हा अंगावर काटा आला. बाळाला दाईच्या मांडीवर बसवावं, डाव्या हाताने कान ओढून धरावा, सूर्याचा उजेड आरपार दिसतो त्या जागी उजव्या हाताने सरळ वेध करावा. मुलाचा आधी उजवा, मुलीचा आधी डावा. रक्त फार आलं, दुखणं फार झालं तर जागा चुकली असं समजावं. भोकात कापसाची वात घालावी, तेल लावावं, दर तीन दिवसांनी वात थोडी जाड करत न्यावी. सगळं माझ्या बापाच्या हातासारखं. फरक एकच निघाला. सुश्रुताने वेळ सांगितलीय सहाव्या किंवा सातव्या महिन्याची.

धर्मशास्त्राच्या ग्रंथांत दहावा, बारावा, सोळावा दिवसही येतो, हेही त्याच वैद्यांनी सांगितलं. म्हणजे शास्त्र म्हणून ज्याचा दाखला देतो त्यातच दोन्ही आहे. मी सुश्रुताचं धरतो, कारण तो शस्त्रवैद्य होता. फाटलेल्या पाळ्या जोडायचे पंधरा प्रकार त्याने लिहून ठेवलेत. इतक्या बिघडलेल्या कानांचा विचार केलेला माणूस सहावा महिना म्हणतो, त्याला काही कारण असणार. बारावा दिवस रूढ झाला तो मला सोयीमुळे वाटतो. त्या दिवशी पाव्हणे असतात, सोनार आलेला असतो, आणि बारा दिवसांच्या लेकराला हात उचलून कानाला लावता येत नाही.

आता माझ्या हातून झालेली गोष्ट सांगतो.

१९९६ साल. मार्गशीर्षातलं देवीचं नवरात्र चालू होतं, बाहेरगावचे लोक जावळाला, कुळाचाराला आलेले. एका दिवसात मी सात लेकरांचे कान टोचले. चिमटा एक, खोबरेलाची वाटी एक, आणि माझं बोट दर वेळी त्याच वाटीत. त्यांत एक चौदा दिवसांची मुलगी होती. आठव्या दिवशी तिचा बाप दुकानात आला. आरडाओरडा केला नाही. एवढंच म्हणाला, "काका, लेकरू दवाखान्यात हाय. एकदा बघून घ्या."

मी गेलो. डावी पाळी सुजून तार आत बुडाली होती, टोक दिसत नव्हतं. अंगात ताप. बोटाएवढ्या मनगटाला सलाईन लावलेलं. पाठीच्या कण्यातून पाणी काढून तपासायला पाठवलं होतं, कारण महिन्याच्या आतल्या बाळाला ताप आला की तो साधा धरता येत नाही, कानातला पू रक्तात आणि मेंदूपर्यंत जाऊ शकतो. हे मला तिथल्या बालरोगतज्ज्ञांनी सांगितलं. ते वयाने माझ्याहून लहान होते. त्यांनी मला रागावावं असं मला फार वाटत होतं. त्यांनी खुर्ची दिली आणि विचारलं, "तार तुम्ही विस्तवातून काढता ना? मग ती स्वच्छच असते. त्यानंतर तिला काय काय लागतं ते मला सांगा." मी सांगत गेलो. कानस. ऐरण. धोतराचा सोगा. तेलाची वाटी. माझं बोट. सांगता सांगता माझं मलाच कळलं.

मुलगी वाचली. तिच्या डाव्या पाळीत गाठ राहिली. हे मला माहीत आहे, कारण तिच्या लग्नातले झुबे मीच घडवले आणि डाव्या झुब्याची दांडी तिरकी बसवावी लागली.

त्या डॉक्टरांनी मला जे शिकवलं तेच मी आजवर करतो. तारेला टोक आधी काढायचं, मग तार आणि स्टीलचा चिमटा स्वच्छ फडक्यात बांधून प्रेशर कुकरमध्ये ठेवायचा आणि पूर्ण वाफ धरल्यावर वीस मिनिटं ठेवायचं. घरचा कुकर पंधरा पौंड दाबाला १२१ अंशांवर जातो, दवाखान्यातलं यंत्रही त्याच हिशेबाने चालतं. दुकानात तीन लिटरचा कुकर आहे, त्यात कधी भात शिजलेला नाही. हात साबणाने धुवून हातमोजे. पाळी स्पिरिटने पुसायची. पेनाने दोन्ही कानांवर ठिपका काढून आईला समोरून बघायला लावायचं, कारण पाठीमागून सारखे दिसणारे ठिपके पुढून वर-खाली असतात. ठिपका फार खाली घेऊ नये. लेकरू मोठं झालं, कानात जड झुबे आले, की खालचं भोक ओघळत जातं आणि एक दिवस पाळी फाटते. आमच्या भागात फाटक्या कानाच्या म्हाताऱ्या प्रत्येक गल्लीत आहेत.

बाराव्या दिवसाचं तेव्हापासून सोडलं. गरोदरपणी आईला धनुर्वाताची सुई देतात, तिचं बळ बाळाला मिळतं. २०१५ साली आई आणि नवजात बाळाच्या धनुर्वाताचं भारतातून उच्चाटन झाल्याचं जागतिक आरोग्य संघटनेने मान्य केलं, त्यात या सुईचा मोठा वाटा आहे. पण ते बळ उसनं असतं. धनुर्वाताचे जंतू मातीत आणि शेणात राहतात. गोठा अंगणात, बाळंतीण मागच्या खोलीत, आणि बाळाच्या कानाला ताजी जखम, तीही हौसेखातर. स्वतःच्या लसीचे तीन डोस होईपर्यंत थांबायला काय हरकत आहे?

कान निबर होतात ही भीती मात्र खोटी आहे. पाळीत हाड नाही, कूर्चा म्हणजे कुरकुरीत मऊ हाडही नाही, नुसती कातडी आणि चरबी. साठीच्या बायकांचे बुजलेले कान मी पुन्हा टोचलेत, लेकराच्या कानाइतकीच तार सहज जाते. कान टोचल्याने बुद्धी वाढते, दमा जातो, असंही लोक सांगतात. मी डॉक्टरांना विचारलं, त्याला पुरावा नाही म्हणाले. दागिना घालायचा म्हणून टोचतो, हे सरळ कबूल करावं. दागिना ही काही वाईट गोष्ट नाही, माझं सगळं घर त्यावर चाललं.

तारेबद्दल बोलतो, कारण फसवणूक इथंच होते. दोन्ही कानांची मिळून तार अर्ध्या ग्रॅमची पुरते. बावीस कॅरटची, झाळ देऊन न जोडलेली, एकसंध ओढलेली. हल्ली तोळ्याचा भाव लाखाच्या पुढे गेला म्हणून लोक केसासारखी बारीक तार मागतात. ती देऊ नये आणि घेऊ नये. बारीक तार कोवळी पाळी कापत खाली उतरते. हॉलमार्क १६ जून २०२१ पासून टप्प्याटप्प्याने सक्तीचा झाला, पण दोन ग्रॅमच्या आतल्या दागिन्याला तो लागत नाही. म्हणजे ज्या सोन्याचा थेट रक्ताशी संबंध येतो त्यावरच शिक्का नसतो. तिथं ओळखीचा सोनारच पाहिजे, किंवा आपल्या घरची जुनी हॉलमार्कची वस्तू देऊन तिच्यातून डोळ्यांसमोर तार ओढून घ्यावी. वडील सांगायचे, १९६३ साली सुवर्ण नियंत्रण आलं आणि चौदा कॅरटच्या वरचा दागिना घडवायला बंदी झाली, तेव्हा चौदा कॅरटच्या ताठ तारेने लेकरांचे कान चिघळायचे. आमच्या कितीतरी जातभाईंनी त्या काळात धंदा सोडला.

खोट्या कुड्या तर नव्या भोकात नकोतच. त्यांत निकेल असतं. निकेलची ॲलर्जी एकदा जडली की सहसा जन्मभर राहते, मग घड्याळाच्या पट्ट्यालाही खाज सुटते.

आता यंत्राचं. शहरात दागिन्यांच्या, सौंदर्यप्रसाधनांच्या दुकानांत बंदुकीसारख्या यंत्राने कान टोचतात, जत्रेतही ते आलंय. एका क्षणात होतं म्हणून आईबापांना बरं वाटतं. माझं म्हणणं धंद्याच्या हेव्यातून आलंय असं कुणाला वाटेल, म्हणून कारण सांगतो. अशा बऱ्याच यंत्रांचं अंग प्लास्टिकचं असतं, ते वाफेत घालता येत नाही, नुसतं पुसून पुढच्या कानाला लावतात. त्यातल्या फुलीची दांडी सुईइतकी टोकदार नसते, ती जोराने दाबून मांसातून जाते. मागची चाप घट्ट बसते, पाळी सुजली तर तिला जागा राहत नाही आणि फुली आत रुतते. ती काढायला दवाखाना गाठलेली लेकरं माझ्या बघण्यात आहेत. पूर्ण बंद पाकिटातलं, एका माणसापुरतं वापरून टाकायचं साधनही आता मिळतं, ते त्यातल्या त्यात बरं. पाळी सोडून कानाच्या वरच्या कडक भागाला मात्र हे यंत्र कुणीही लावून घेऊ नये. कूर्चेला स्वतःच्या रक्तवाहिन्या नसतात. तिथं पू झाला तर औषध पोहोचायला वेळ लागतो आणि कान कायमचा चुरगळतो. हल्ली कॉलेजची पोरं तिथं भिकबाळी घालायची म्हणून येतात. मी त्यांना डॉक्टरकडे पाठवतो. चिडतात, पण मी टोचत नाही.

मग कुठं टोचावेत? बाळ दिवस भरून, चांगल्या वजनाचं जन्मलेलं, आणि तुमच्या माहितीतला सोनार वर सांगितलं ते सगळं करत असेल, तर सोनाराकडे. सोनाराने तुम्हाला लसीचं विचारलं नाही, हात धुतले नाहीत, तर उठून या, तो माझा नातलग असला तरी. आणि बाळ कमी दिवसांचं असेल, हृदयाला छिद्र असेल, घरात रक्त न थांबण्याचा आजार असेल किंवा जखमेवर जाड गाठी येण्याची घराण्यात खोड असेल, तर सोनाराचं ते कामच नाही. बालरोगतज्ज्ञांना विचारल्याशिवाय कानाला हात लावू देऊ नका. जत्रेतल्या पालात, उन्हात, धुळीत, रांगेत उभं राहून टोचू नका. मी आमच्याच नवरात्रातल्या गर्दीची गोष्ट वर सांगितलीच आहे.

केव्हा, याला माझ्या अनुभवाने दोन वेळा चांगल्या. एक, चार महिने पूर्ण झाल्यापासून दहाव्या महिन्यापर्यंत. लेकरू दुधावर शांत होतं, आईच्या हाताखाली असतं. दुसरी, सहा-सात वर्षांच्या पुढे, लेकराला स्वतःच्या कानाची काळजी घेता येते तेव्हा. मधली वर्षं कठीण. रांगतं-धावतं पोर कान ओढतं, फिरकी काढून तोंडात घालतं, आणि ती फिरकी घशात गेली तर जिवावर बेतावं. ऋतूही बघावा. आपल्याकडे चैत्र-वैशाखात पारा चाळीसच्या वर, घाम, टँकरचं पाणी, फुफाटा. श्रावणात माशा. दिवाळीनंतर ते माघापर्यंत बरं. मात्र थंडीत लोकरीच्या कानटोपीचा धागा तारेच्या टोकात अडकतो आणि टोपी ओढली की लेकरू किंचाळतं, म्हणून टोक आत वळलंय ना हे बोट फिरवून बघा आणि टोपीच्या आत सुती टोपडं घाला.

नंतर सहा आठवडे तार हलवायची नाही. उकळून गार केलेल्या पाण्यात चिमूटभर मीठ, स्वच्छ कापूस, दिवसातून दोनदा. हळदीची पूड, राख, काजळ, समईतलं तेल यातलं काही नको. माझ्या वडिलांची हळद मीही सोडली, मला ते सोपं गेलं नाही. पाळी लाल, गरम, सुजलेली दिसली किंवा पू आला, ताप आला, तर त्याच दिवशी दवाखाना. तार काढायची की ठेवायची ते डॉक्टरांना ठरवू द्या.

आरोग्य विभागाला माझी विनंती आहे. गावोगावच्या आशाताई साडेतीन महिन्यांच्या लसीची आठवण करायला घरी जातातच. त्याच वेळी त्यांनी एवढंच सांगावं की कान टोचायचे असतील तर ते या सुईनंतर पंधरा दिवसांनी. आयाबाया त्यांचं ऐकतात. आमच्या सराफ-सुवर्णकार मंडळींनी तालुक्याच्या गावी एखादा दिवस डॉक्टरांना बोलावून कान टोचणाऱ्या सोनारांना हे शिकवावं, कुकर, हातमोजे, सगळं. मी माझ्या खर्चाने कुठंही येऊन दाखवायला तयार आहे. पत्र लिहिणाऱ्या त्या ताईंना मी सांगेन की बंदीने लोक थांबणार नाहीत. आमच्यातले चांगले लोक तेवढे बाजूला होतील आणि लेकरं जत्रेतल्या पालात जातील.

शेवटी घरातलं. माझा मुलगा पुण्याला असतो. नात झाली तेव्हा मी इथं तिच्यासाठी अर्ध्या ग्रॅमची तार ओढून डबीत ठेवली. साडेतीन महिन्यांची सुई झाल्यावर सूनबाईंना फोन केला. त्या म्हणाल्या, "बाबा, तुम्ही टोचाल ते चांगलंच टोचाल, त्याची मला काळजी नाही. पण कान तिचे आहेत. तिला कळू लागल्यावर तिला विचारू या." मला वाईट वाटलं. तीन पिढ्यांत आमच्या घरातल्या मुलीचे कान सहा महिन्यांच्या पुढे रिकामे राहिले नव्हते. बायकोने चार दिवस बोलणं टाकलं. पण वडील दुसऱ्या कानासाठी ओसरीवर थांबायचे ते आठवलं, आणि मी पुन्हा विषय काढला नाही.

नात आता सहा वर्षांची आहे. यंदा दिवाळीत आली तेव्हा दुकानात माझ्याशेजारी बसली होती. डबी उघडून तिने विचारलं, "आबा, ही कुणाची?" मी म्हणालो, "तुझी. तुला पाहिजे तेव्हा." तिने आजीच्या कानातल्या कुडीला बोट लावून बघितलं आणि विचारलं, "दुखतं का?"

"हो, दुखतं. दोन दिवस."

तिने बराच वेळ विचार केला. मग डबी लावून माझ्या हातात दिली आणि म्हणाली, "पुढच्या दिवाळीला. पण आधी एकच कान." मी हो म्हटलंय.

आपला,
एक सोनार
अंबाजोगाई, जि. बीड